पत्री सरकारच्या काळातली प्रेमकथा लिहायचीय? आधी भाकऱ्या मोजा

माझ्या कादंबरीचं पहिलं प्रकरण मी ज्या बाईला वाचून दाखवलं तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. माझ्या चुलत सासूबाई, आम्ही आत्या म्हणायचो. तेव्हा ऐंशीच्या पुढच्या. प्रकरणात काय होतं? १९४२ सालातली रात्र, कुंडलच्या बाजूचं एक घर, कंदिलाच्या उजेडात रात्रभर जागी असलेली नायिका. पहाटे तिचा भूमिगत नवरा येतो, ती त्याच्या नावानं हाक मारत अंगणात धावते, आणि जाताना तो आठवण म्हणून तिच्या तळहातावर भोकाचा पैसा ठेवतो.

आत्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "रातभर कंदील? राकेल काय तुझ्या बानं धाडलं हुतं?" आणि जरा थांबून, "नवऱ्याला नावानं हाक मारती? गावानं तोंडात शेण घातलं असतं तिच्या."

भोकाच्या पैशाची चूक त्यांच्याही लक्षात आली नाही. ती मला दोन वर्षांनी सापडली. महायुद्धाच्या लढाईत तांब्याची टंचाई झाली म्हणून सरकारनं मधोमध भोक असलेला पैसा काढला, तो १९४३ साली. बेचाळीसच्या रात्री माझ्या नायकाच्या खिशात तो असणंच शक्य नव्हतं.

मी सांगली जिल्ह्यातल्या पलूसला राहते. सत्तावीस वर्षं हायस्कुलात मराठी शिकवलं, आणि ही एकच कादंबरी लिहायला सात वर्षं घेतली. हल्ली कॉलेजातली पोरं येतात. "मॅडम, क्रांतिकारकांच्या काळातली लव्हस्टोरी लिहायचीय, कुठून सुरुवात करू?" प्रत्येकाला तेच सांगून घसा बसला, म्हणून एकदा लिहून काढते.

एक गाव धरा, एक हंगाम धरा

सबंध चळवळीवर लिहायला बसू नका. चार वर्षांत ती चार वेळा बदलली. ८ ऑगस्ट १९४२ ला मुंबईत गवालिया टँकवर 'चले जाव'चा ठराव झाला आणि दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत पुढारी तुरुंगात गेले. त्यानंतरचे पाच-सहा आठवडे सातारा जिल्ह्यात मोर्च्यांचे होते. त्या वेळचा सातारा जिल्हा म्हणजे आजच्या सांगलीतले तासगाव, वाळवा, खानापूर, शिराळा हे सगळं धरून. २४ ऑगस्टला कराड, ३ सप्टेंबरला तासगाव, ९ ला वडूज, १० ला इस्लामपूर. मामलेदार कचेरीवर तिरंगा लावायचा, एवढंच मागणं. माणसं हात हलवत, घोषणा देत, दिवसाउजेडी गेली. वडूजला आणि इस्लामपूरला गोळ्या चालल्या. वडूजला वडगावचे परशुराम घार्गे आणि त्यांच्याबरोबरची माणसं पडली.

मग चळवळ जमिनीखाली गेली. नाना पाटील, जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी, किसन वीर ही मंडळी तोवर घरात झोपायची बंद झाली होती. त्रेचाळीसपासून गावोगाव लोकन्यायालयं, तुफान सेना म्हणजे चळवळीचं हत्यारी दल, दरोडेखोरांचा बंदोबस्त, सावकाराच्या कागदांचा निवाडा, असं समांतर राज्यच उभं राहिलं. तेच पत्री सरकार. ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ पगाराची रक्कम नेणारी रेल्वेगाडी अडवली. १४ एप्रिल १९४४ ला पार खानदेशात जाऊन चिमठाण्याला साडेपाच लाखांचा सरकारी खजिना मारला. २५ फेब्रुवारी १९४५ ला शिराळ्याच्या डोंगरात मणदूरजवळ पोलिसांशी चकमक होऊन किसन अहिर आणि पंजाबातून आलेला नानकसिंग कामी आले. शेचाळीसला काँग्रेसची मंत्रिमंडळं आली, वॉरंटं उठली.

आता बघा, यातलं प्रत्येक वर्ष वेगळ्या माणसाचं आहे. बेचाळीसच्या सप्टेंबरमध्ये तुमच्या नायकाच्या कमरेला पिस्तूल असलं तर गोष्ट पहिल्याच पानावर खोटी पडते. आणि पंचेचाळीसमध्ये तो निव्वळ घोषणा देत फिरत असला तरी पडते.

गाव निवडताना नकाशा जुना घ्या. आमच्याकडचं कुंडल तेव्हा इंग्रजी मुलखात नव्हतं, औंध संस्थानात होतं. औंध म्हणजे सलग मुलूख नव्हे, ७२ गावं इकडंतिकडं विखुरलेली. राजा भवानराव पंतप्रतिनिधी, चित्रं काढणारा, सूर्यनमस्कारांचा भक्त, ज्यानं १९३९ मध्ये गांधीजींच्या सल्ल्यानं आपणहून प्रजेच्या हाती कारभार दिला. त्यामुळे एका शेताच्या बांधावर इंग्रजांचा फौजदार उभा आणि पलीकडच्या बांधावर संस्थानची हद्द, असा प्रकार. हद्द ओलांडायला लिहापढी लागायची, निदान खळखळ तरी व्हायची. तेवढ्या वेळात माणूस कुठल्या कुठं. कथेला याहून चांगली जमीन कुठली मिळणार? तरी मी पहिल्या खर्ड्यात सगळीकडे "ब्रिटिश पोलीस" धाडून मोकळी झाले होते.

घड्याळ, चंद्र, नदी, पीक

नोंदवहीत तारखेपुढं चार रकाने करा. हे काम कंटाळवाणं आहे. पण निम्मे प्रसंग याच रकान्यांतून निघतात.

घड्याळाचं आधी सांगते, कारण ते बहुतेकांना ठाऊकच नसतं. लढाईच्या दिवसांत, १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत, आपल्याकडं घड्याळ एक तास पुढं होतं. म्हणजे जूनमध्ये आमच्याकडं आठच्या सुमाराला सूर्य मावळायचा. रेल्वे आणि कचेरी नव्या वेळेवर, म्हातारी माणसं सावलीवर. "आठाला ये" असा निरोप गेला तर कुठल्या आठाला? माझ्या कादंबरीत एक माणूस याच घोळात सापडतो. ती कल्पना मी वापरून बसले आहे, तुम्ही दुसरी शोधा.

चंद्रासाठी जुनं पंचांग बघा. इस्लामपूरचा मोर्चा १० सप्टेंबरला निघाला, त्या दिवशी अमावास्या होती आणि गणपती तोंडावर आले होते. गोळीबारानंतर पळालेली माणसं त्या रात्री कशी चालली असतील याचा विचार या एका शब्दानं बदलतो. एका विद्यार्थ्यानं त्याच रात्री नायिकेचा चेहरा टिपूर चांदण्यात उजळवला होता. मी त्याला म्हटलं, बाळा, चंद्र कुठून उसना आणलास?

नदीचंही तसंच. आज बंधाऱ्यांमुळं कृष्णेत उन्हाळ्यातही पाणी दिसतं. तेव्हा चैत्र-वैशाखात उताराच्या जागी पायी पलीकडं जायचे, आणि श्रावणात तीच नदी कुणाला जवळ येऊ द्यायची नाही. २४ जुलै १९४३ ला वसंतदादा पाटील आणि साथीदारांनी सांगलीचा तुरुंग फोडला, तटावरून खंदकात उड्या घेतल्या, तेव्हा कृष्णा भरून चालली होती. दादांना गोळी लागली. अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव गेले. त्या प्रसंगात पोलिसांइतकीच नदी आहे.

आणि पीक. आज पलूस-वाळव्यात उसाशिवाय काही दिसत नाही, म्हणून सगळे लेखक आपला नायक उसात लपवतात. कालव्याखालची आणि मोटेखालची पट्टी सोडली तर तेव्हा रानं शाळूची, म्हणजे रब्बी ज्वारीची. शाळू डोक्याइतका होतो दिवाळीनंतर, आणि माघ-फाल्गुनात निघून जातो. म्हणजे लपायला रान मिळायचं ते तीन-साडेतीन महिने. उन्हाळ्यात रान उघडं पडलं की भूमिगत माणसाला घराचाच आसरा घ्यावा लागायचा. आणि घर आलं की बाई आली.

भाकऱ्या

इथं मी जरा रेंगाळणार आहे.

रात्री बारा माणसं येणार आहेत. चालून आलेली, उपाशी. माणशी तीन भाकऱ्या धरा, छत्तीस झाल्या. एका तव्यावर एक भाकरी थापून, टाकून, पाणी फिरवून, उलटून, जाळावर फुगवून उतरायला तीन मिनिटं. घरात तवा एकच. म्हणजे पावणेदोन तास चूल पेटती राहणार. ते बारा जण पाठोपाठ दोन-तीन रात्री आले की दुसरी काळजी उभी राहते, छत्तीस भाकऱ्यांचं पीठ दळायचं कधी? पहाटे जातं घरोघर फिरायचं, त्यात एकाचा आवाज मिसळून जायचा. पण जेवणखाण उरकल्यावर, गाव झोपल्यावर जात्याची घरघर आली तर शेजारीण उशीवरनं मान उचलणारच. भाकरी थापल्याचाही आवाज होतो. धूर माळवदाच्या धाऱ्यातून, म्हणजे छतातल्या झरोक्यातून, वर जातो आणि चांदण्या रात्री दिसतो. तुरकाट्या घातल्या तर जाळ भडकतो, शेणी घातल्या तर धूर होतो. काय घालायचं?

मी आत्यांना विचारलं, "तुम्हाला भीती कसली वाटायची?" मला वाटलं म्हणतील, पोलिसांची. त्या म्हणाल्या, "पिठाची. डब्यातलं पीठ भसकन खाली गेलं की सासरा इचारायचा." सासऱ्याला माहीत नव्हतं. माहीत होतं पण माहीत नसल्याचं दाखवायचा, असंही असेल. त्यांनी स्वतःशीच एवढं म्हटलं आणि विषय बदलला. मी घरी येऊन ते पहिलं प्रकरण फाडलं. नवीन प्रकरण पिठाच्या डब्यापासून सुरू झालं.

हे का महत्त्वाचं? बंदूक झाडणारा माणूस एका क्षणापुरता धाडसी असतो. पावणेदोन तास चूल पेटती ठेवणारी बाई प्रत्येक भाकरीला नव्यानं घाबरते आणि तरी पुढची भाकरी थापते. वाचकाला त्या पावणेदोन तासांत बसवलंत तर धाडस हा शब्द लिहावा लागत नाही. माझ्या कादंबरीत "शौर्य", "बलिदान", "धगधगतं" हे शब्द किती वेळा आलेत ते मी मोजलं होतं. तेवीस वेळा. आता शून्य.

जाता जाता: दूरच्या मुक्कामाला द्यायच्या असतील तर साध्या भाकऱ्या देऊ नका, दशम्या द्या. दुधात भिजवलेल्या, जास्त टिकतात. तुमच्या नायिकेनं भाकरी केली की दशमी केली यावरून तो किती लांब चाललाय ते तिला ठाऊक आहे, हे न बोलता कळतं.

लढाई फक्त आपल्या गावात नव्हती

सातारच्या घराघरातला पोरगा पलटणीत होता. मराठा लाइट इन्फन्ट्रीची माणसं इटलीत लढत होती, ब्रह्मदेशाच्या बाजूला लढत होती. त्यामुळे असं घर सहज कल्पिता येतं: थोरला इटलीत इंग्रजांसाठी लढतोय, धाकटा डोंगरात इंग्रजांविरुद्ध. थोरल्याच्या पगारातली मनीऑर्डर दर महिन्याला येते आणि त्याच पैशाची ज्वारी धाकट्याच्या साथीदारांच्या पोटात जाते. बापानं कुणाकडून बोलायचं? पोस्टमन दारात आला की त्या घरात आनंद आधी होतो की धस्स आधी होतं?

असं घर रंगवलंत की "देशभक्त" आणि "गद्दार" असे दोन गठ्ठे करता येत नाहीत. तेच बरं.

मुंबईचा संदर्भ आणायचा असेल तर जपून. उषा मेहता आणि साथीदारांचा भूमिगत रेडिओ २७ ऑगस्ट ते १२ नोव्हेंबर १९४२ एवढाच चालला. त्रेचाळीसच्या मे महिन्यात कुणाच्या माडीवर तो ऐकू येत असेल, तर ते भूत आहे.

धाडस दाखवायचं तर फजितीसकट

नाना पाटलांच्या कन्या हौसाताई पाटील. २०२१ मध्ये गेल्या, पंच्याण्णव वर्षांच्या होऊन. १९४३ साली भवानीनगरच्या पोलीस ठाण्यापुढं त्यांनी आणि एका साथीदारानं नवरा-बायकोच्या भांडणाचं सोंग केलं. नवरा बायकोला बडवतोय, दगड उचलून जीव घेतो म्हणतोय, बाई नांदायला जायची नाही म्हणतेय. पोलीस सोडवायला बाहेर आले आणि मागच्या मागं साथीदारांनी ठाण्यातल्या बंदुका उचलल्या. म्हातारपणी त्या हे सांगताना तक्रार करायच्या की सोंगातल्या नवऱ्यानं खरंच मारलं. भांडण खरं वाटायला नको का, हे त्याचं उत्तर.

ही तक्रार सोन्याची आहे. एखाद्या नवख्या लेखकानं हा प्रसंग लिहिला असता तर तिच्या डोळ्यांत अंगार पेटवला असता. खऱ्या बाईला पाठीत लागलेला रट्टा आठवतो. आणि पोलीस का फसले तेही बघा: बायकोला रस्त्यात मारणारा नवरा ही इतकी ओळखीची गोष्ट होती की कुणाला शंकाच आली नाही. लोकांना जे रोजचं वाटतं त्याच्याच आडोशानं धाडस होतं. पाण्याची घागर, डोहाळजेवण, सुतक, विटाळ. बाजूला बसलेल्या बाईच्या खोपटात कुठला हवालदार डोकावणार होता?

प्रेम, म्हणजे नाव न घेणं

आत्यांनी दाखवलेली दुसरी चूक मी आधी फक्त दुरुस्त केली. हाक काढून टाकली. वर्षभरानं एका रात्री लक्षात आलं की ती चूक नव्हती, ती किल्ली होती. बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. फौजदाराला तेच नाव पाहिजे आहे. मग मी हे लिहिलं:

फौजदार चावडीच्या पायरीवर बसला. "नवऱ्याचं नाव सांग."

तिनं पदर पुढं ओढला. "नाव कसं घ्यायाचं, सायेब? पाप लागंल."

"सरकारी काम आहे. घे."

"सरकारला पाप न्हाय लागत. आमास्नी लागतं."

"बरं, उखाण्यात घे."

"उखाणा लग्नात घेत्यात. हितं कुणाचं लगीन हाय?"

मागं उभ्या बायकांतून कुणीतरी हुंदका दिल्यासारखं केलं. हसू दाबलं होतं.

"आडनाव?"

"गावाचं हाय तेच."

फौजदारानं पोलीस पाटलाकडं पाहिलं. पाटील लिंबाच्या झाडाकडं बघत होता. त्याला त्या घरातल्या सगळ्यांची नावं पाठ होती, बारशाचे घुगऱ्या-पेढे त्यानं खाल्ले होते.

तेवढ्यात मागल्या दारानं निघालेला माणूस नदीच्या उताराला लागला होता.

यात ती "माझं तुमच्यावर प्रेम आहे" म्हणत नाही. त्या काळात आमच्या भागात असं वाक्य कुणी कुणाला म्हटलं असेल यावर माझा विश्वास नाही. प्रेम जेवलासा का, पायात काय मोडलं, हे घोंगडं घ्या, यातच असायचं. तुमची दोघं एकांतात असली तरी ती त्याला "अहो" म्हणेल, नाहीतर काहीच म्हणणार नाही, नुसती बांगडी वाजवेल. तो तिला "तू" म्हणेल. चारचौघांत एकमेकांकडं बघणारसुद्धा नाहीत.

लग्न न झालेल्यांचं प्रेम दाखवायचं असेल तर त्या चळवळीनंच तुम्हाला एक वाट दिली आहे. गांधी-विवाह. हुंडा नाही, वाजंत्री नाही, कर्ज काढून जेवणावळी नाहीत, सुताचे हार. २५ मे १९४५ ला खुद्द जी. डी. बापूंचं विजयाताईंशी लग्न याच पद्धतीनं कुंडलला झालं, नवरदेव भूमिगत असताना, हजारोंच्या साक्षीनं. पौर्णिमा एक-दोन दिवसांवर आलेली. पकडायला टपलेलं सरकार, आणि इकडं उघड्यावर लग्न. मी यावर प्रकरण लिहायचं तीनदा ठरवलं आणि तिन्ही वेळा सोडलं. खरी घटनाच इतकी भरलेली आहे की तिच्यात माझ्या माणसांना उभं राहायला जागा मिळेना. शेवटी माझी दोघं त्या लग्नाला आलेल्या गर्दीत मागं उभी राहिली. तिला काही दिसत नव्हतं, तो पुढचं सांगत होता. तेवढं पुरलं.

खऱ्या माणसांबद्दल माझा नियम हाच. नाना पाटील तुमच्या कथेत दुरून येऊ देत: सभा संपल्यावरची धूळ, कुणीतरी सांगितलेलं वाक्य, खांद्यावरचं घोंगडं. त्यांच्या तोंडी पानभर भाषण घालू नका. ते काय बोलले असतील ते तुम्हाला ठाऊक नाही आणि इथं अजून त्यांचं भाषण ऐकलेल्यांची मुलं आहेत.

फितुराला घर द्या

"पत्री" हे नाव कशावरून पडलं याच्या दोन-तीन कथा आहेत. लोकांत बोलवा होती की फितुराच्या पायाला बैलासारखी पत्री, म्हणजे नाल, ठोकतात. खरं तर तळपायांवर काठ्या मारत. तीही काही मऊ शिक्षा नव्हे. पायांनी अधू झालेला माणूस त्याच गावात पुढं चाळीस वर्षं जगतो, त्याची नातवंडं तुमच्या नातवंडांबरोबर शाळेत जातात. हे टाळून लिहिलंत तर गोष्ट पंधरा ऑगस्टच्या गॅदरिंगची होईल.

माझा फितूर पैशासाठी बातमी देत नाही. लोकन्यायालयात त्याच्या बांधाचा निकाल त्याच्या भावकीच्या बाजूनं गेला, आणि तो निकाल चुकीचा होता. हे मी मुद्दाम ठरवलं. न्याय देणारी माणसंही माणसंच, रात्रीच्या अंधारात, घाईत, एका बाजूचं ऐकून चुकणारी. एका प्रकाशकानं मला सुचवलं की तो निकाल बरोबर दाखवा, वाचकांचा गोंधळ होतो. मी हस्तलिखित परत आणलं.

विचारायला जाल तेव्हा

त्या पिढीतलं कुणी आता क्वचितच भेटेल, लेकी-सुना भेटतील. वही-मोबाईल बाहेर काढून "त्या काळाबद्दल सांगा" म्हणालात तर पाठ केलेलं भाषण मिळेल. सत्काराला जाऊन जाऊन त्यांनाही सवय झालेली असते. त्याऐवजी भाजी निवडायला बसा. विचारा, चूल कुठल्या कोपऱ्यात होती? दार कुठं उघडायचं? कुत्रं होतं का? कुत्र्याचं विचारलं तेव्हा आत्या अर्धा तास बोलल्या. भूमिगत मंडळी आली की कुत्रं भुंकायचं, म्हणून त्यांच्या सासूनं ते कुत्रं बहिणीच्या गावी नेऊन सोडलं, आणि ते चार दिवसांनी परत आलं. पुढं काय केलं हे त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही, आणि कादंबरीतही ते तिथंच थांबतं.

बोलीचं एक. संवाद बोलीत ठेवा, निवेदनात तिचा अतिरेक करू नका. आणि कृष्णाकाठची बोली लिहिताना टीव्हीवरची कोल्हापुरी वापरू नका. मोठ्यानं वाचून दाखवा. ऐकणारी म्हातारी हसली की समजा कुठंतरी फसलंय.

कुठं थांबायचं

माझ्या आधीच्या शेवटात शेचाळीस साल आहे, वॉरंट उठलंय, तो दिवसाउजेडी घरी येतो आणि बायका तिला उंबऱ्यात अडवतात: आता तरी नाव घे. ती चावडीवर न घेतलेलं नाव उखाण्यात घेते. सगळ्यांना फार आवडला. मला तो लाडू पाकात बुडवून वर साखर पेरल्यासारखा वाटायला लागला. काढून टाकला.

आताच्या शेवटात ती त्याला दुपारी वाढते. चार वर्षांत तो तिच्या हातचं जेवला तो अंधारात, उभ्यानं, घाईनं. उजेडात पहिल्यांदा तिला दिसतं की तो भाकरीची कड काढून ताटाबाहेर ठेवतो. दर भाकरीची. इतकी वर्षं तिला वाटत होतं की सगळी भाकरी त्याच्या पोटात जाते.

हे मी आत्यांना वाचून दाखवलं तेव्हा त्यांना नीट ऐकू यायचं कमी झालं होतं. दोनदा वाचावं लागलं. त्यांनी विचार केला आणि म्हणाल्या, "कड जाड झाली आसंल. दुसऱ्या दिशी पातळ थापली का न्हाई तिनं?"

ते वाक्य मी घातलं आहे.